आकड्यांना बांधावर नेणारे सुखात्मे

असोदा (जि. जळगाव) : जळगाव शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेले असोदा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून. भरिताच्या वांग्यांमुळेही या परिसराचा लौकिक आहे. परंतु येथील अर्थकारणाचा भार प्रामुख्याने कापूस आणि केळी या दोन पिकांवर. दसऱ्याच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली, की खानदेशातील गावोगावच्या निवडक शेतांत तलाठी अथवा कृषी खात्याचा कर्मचारी टेप आणि दोरी घेऊन उतरतो. शेताचा ठरावीक मापाचा एक तुकडा आखला जातो. त्या तुकड्यातील कापूस वेगळा वेचून पंचांसमक्ष त्याचे वजन होते. कापूस एकाच वेचणीत घरी येत नाही, म्हणून प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर यावे लागते आणि शेवटी साऱ्या वजनांची बेरीज करावी लागते. सरकारी भाषेत यास पीक कापणी प्रयोग म्हणतात.

वरकरणी हा कागदोपत्री सोपस्कार वाटतो. प्रत्यक्षात मंडळातील सर्व विमाधारक कापूस उत्पादकांच्या नुकसानभरपाईचा निकाल याच मोजक्या तुकड्यांवर लागतो. २०१६ पासून लागू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पादनातील घट अशा प्रयोगांवरूनच ठरवली जाते. २०२५ च्या खरिपात राज्य शासनाने एक रुपयातील विमा बंद केला आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित ठेवली, तेव्हा तर या तुकड्याचे मोल आणखी वाढले. (केळीचा विमा हवामानाच्या नोंदींवर चालतो, त्याचे प्रश्न वेगळे आणि तक्रारीही वेगळ्या.)

शेतातील एवढ्याशा तुकड्यावरून जिल्ह्याचे पीक सांगता येते, आणि ते किती खात्रीने सांगता येते हेही सांगता येते, ही गोष्ट भारत सरकारच्या गळी उतरवण्यात एका मराठी गणितज्ञाचा वाटा फार मोठा आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव संख्याशास्त्राच्या वर्तुळात जगभर घेतले जाते. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर त्यांची पद्धत दर हंगामात पोहोचते, त्याला मात्र ते अपरिचितच राहिले आहे. आज मोठ्या कंपन्यांमध्ये आकडेवारीचे विश्लेषण करणारे स्वतंत्र विभाग असतात आणि त्या विभागांमुळे नेमका लाभ काय झाला, असा प्रश्न व्यवस्थापन दर वर्षी विचारते. सुखात्मे यांना हाच प्रश्न ऐन तारुण्यात विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर देण्यात त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. आधुनिक संख्याशास्त्राचे ते त्या काळी माहेरघर होते आणि रणांगणही. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, जर्झी नेमन ही या शास्त्रातील तीन मोठी नावे एकाच इमारतीत काम करीत होती, आणि फिशर व पिअर्सन यांच्या विभागांतले संबंध इतके ताणलेले होते, की दोन्ही बाजूंची मंडळी चहालाही वेगवेगळ्या वेळी येत. सातारच्या या तरुणाने दोन्ही बाजूंकडून शिकून घेतले. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली. यातले नेमन यांच्याकडून मिळालेले ज्ञान पुढे कामास आले. समग्र मोजणी न करता नमुना कसा निवडावा, निरनिराळ्या विभागांतून किती किती नमुने घ्यावेत, याचे गणित नेमन यांनी १९३४ मध्ये मांडले होते. सुखात्मे यांनी १९३५ मध्येच त्यात भर घातली. ज्या विभागात पिकाचा चढउतार अधिक तेथे नमुने अधिक आणि जेथे पीक एकसारखे तेथे कमी, हे त्याचे ढोबळ सार.

लंडनहून परतल्यावर नोकरीच्या शोधात ते बनारस हिंदू विद्यापीठाचे पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. आपल्या संशोधनाची माहिती त्यांनी उत्साहाने दिली. मालवीयजींनी ती ऐकून घेतली आणि या गणिताचा देशातील गोरगरिबांना काय उपयोग, असे विचारले. सुखात्मे यांच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. ज्यांच्या कष्टावर आपले शिक्षण झाले त्यांना आपण काय सांगणार, ही बोच त्या भेटीपासून आपल्याला लागली, असे ते स्वतःच पुढे सांगत. अशा प्रश्नाने दुखावलेले विद्वान पुष्कळ असतात. प्रश्नच बरोबर आहे असे मानणारे थोडे. काही काळ कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत संख्याशास्त्राचे अध्यापन केल्यानंतर १९४० मध्ये सुखात्मे दिल्लीला कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात दाखल झाले. परिषदेच्या नावात तेव्हा इम्पीरिअल हा शब्द होता. विभाग १९३० पासूनचा, आटोपशीर. शेतीवरील प्रयोगांचे निष्कर्ष तपासून देणे हे त्याचे मुख्य काम. म्हणजे संशोधकांच्या हाताखालचा हिशेबनीस. त्या विभागावाचून सरकारचे काही अडत होते असे म्हणता येत नाही.

अडत होते ते दुसरीकडेच. देशात धान्य किती पिकते, याचा भरवशाचा आकडा कोणाकडेही नव्हता. जुनी पद्धत आणेवारीची. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या हिशेबाने यंदाचे पीक किती आणे, हे गावकामगार नजरेने ठरवीत असे. त्या आण्यांनी नेहमीच्या उत्पादनाला गुणायचे, आलेल्या आकड्याला पेरणीच्या क्षेत्राने गुणायचे, की जिल्ह्याचे उत्पादन तयार. क्षेत्राची नोंद महसुलाच्या निमित्ताने बरीच नीट होत असे. कच्चा दुवा होता तो नजरेच्या आण्यांचा. जमीन महसुलाची सूट याच आण्यांवर अवलंबून असल्याने हा आकडा निव्वळ माहिती म्हणून कधीच राहिला नाही. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात सरकार आणि शेतकरी यांच्यातील वादाचा मूळ मुद्दाच पीक चार आण्यांच्या वर की खाली हा होता. पीक एकच, आणि दोन पक्षांना ते दोन मापांचे दिसत होते. पैसेवारी या नावाने हा वारसा महाराष्ट्रात अजूनही चालू आहे, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर दुष्काळी सवलतींचे राजकारण रंगते, हे वाचकांना सांगावयास नको.

नजर बाजूला ठेवून माप घेण्याचा प्रयत्न सुखात्मे यांच्यापूर्वीही झाला होता. जे. ए. हबॅक या मुलकी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या शेतांत यदृच्छेने तुकडे निवडून कापणी केली होती. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून तागाचे नमुना सर्वेक्षण हाती घेतले होते. कापसाच्या बाबतीत व्यापाऱ्यांना आणि गिरण्यांना अंदाजाची निकड मोठी. खानदेशाला लागूनच असलेल्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, १९४० च्या दशकाच्या आरंभी विनायक गोविंद पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी कापसावर असे प्रयोग केले. कापसाचे एक बरे असते. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत किती गाठी बांधल्या गेल्या याची स्वतंत्र नोंद होते आणि शेतातल्या अंदाजाची त्यावरून परीक्षा घेता येते. ज्वारी-बाजरीला ती सोय नाही. ती घराघरांतल्या कणगीत जाते आणि दिसेनाशी होते.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने लक्षावधी माणसांचा बळी घेतला. धान्याची टंचाई खरोखर किती आणि साठेबाजी किती, यावर सरकारदरबारी मतभेद होते आणि ते मिटवण्यास कोणाजवळ खात्रीचा आकडा नव्हता. शिधावाटप सुरू करायचे, तर कोणत्या प्रांताकडून किती धान्य उचलायचे हे ठरवण्यासाठीही उत्पादनच ठाऊक हवे. ज्या विभागावाचून काही अडत नव्हते, त्याच्यावाचून आता पाऊल पुढे पडेना.

सुखात्मे यांनी या घडीला जी योजना पुढे केली, तिच्यात गणितापेक्षा व्यवहार अधिक होता, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्यांचे मोठेपण येथेच आहे. महालनोबिस यांच्या पद्धतीत सर्वेक्षणासाठी खास नेमलेला, प्रशिक्षित आणि फिरता कर्मचारीवर्ग लागे. सुखात्मे यांनी प्रांतांच्या महसूल आणि कृषी खात्यांतील असलेल्याच कर्मचाऱ्यांकडून काम करून घेण्याचे ठरवले. तालुका हा एकेक थर मानायचा. त्यातून यदृच्छेने गावे काढायची, गावातून दोन-तीन शेते, आणि प्रत्येक शेतात एक तुकडा. कोणते गाव, कोणता सर्व्हे नंबर, शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर खुंटी ठोकायची, हे सारे आधी कागदावर ठरलेले. पटवाऱ्याच्या आवडीनिवडीला जागाच ठेवायची नाही, पण पटवाऱ्यालाही वगळायचे नाही. गहू आणि भाताच्या सर्वेक्षणांतून एक गोष्ट स्पष्ट झाली, की एका शेतापेक्षा दुसऱ्या शेतात जेवढा फरक असतो त्याहून गावागावांतील फरक महत्त्वाचा ठरतो; म्हणून एकाच गावात पुष्कळ तुकडे कापण्यापेक्षा अधिक गावांत थोडे थोडे कापणे शहाणपणाचे. खर्च तोच, अंदाज अधिक पक्का. असा हिशेब अर्थखात्याला चटकन कळतो. त्यातच, आकड्याबरोबर त्यातील संभाव्य चुकीची मर्यादाही लिहून द्यायची, ही शिस्त प्रशासनाला नवी होती. आणेवारी कधी आपण किती चुकू शकतो ते सांगत नसे.

महालनोबिस यांच्याशी त्यांचा जो गाजलेला वाद झाला तोही याच काळातला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. तुकडा लहान तर श्रम कमी आणि संख्या वाढवता येते. सुखात्मे यांचा आक्षेप तुकड्याच्या कडेवर होता. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट भरते आणि परीघही सुमारे साडेबारा फूटच. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. उलट ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाएवढा आयत घेतला, तर साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट कड येते. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, हा प्रश्न कापणाऱ्याच्या हातात असतो आणि माणसाचा हात नकळत रोप आत ओढतो. रोपे आत आली की वजन वाढते. क्षेत्रफळ मात्र कागदावर तेवढेच राहते. परिणामी लहान तुकड्याचे उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. संयुक्त प्रांतात गव्हाच्या शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे शेजारी शेजारी कापून सुखात्मे यांनी हे दाखवले आणि १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते. महालनोबिस यांनी हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. प्रशिक्षित माणसे असली तर कडेचा दोष आटोक्यात राहतो, अशी त्यांची बाजू होती, आणि त्यांच्या माणसांपुरती ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा आणि राज्यांच्या पीक कापणीचा आकडा वेगवेगळे येत राहिले.

हा वाद विद्वानांचा म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण आजच्या विम्याच्या सूत्रात आहे. समजा, मंडळाचे उंबरठा उत्पादन एकरी दहा क्विंटल धरले आहे आणि शेतकऱ्यांच्या घरी प्रत्यक्षात आठच क्विंटल आले. घट दोन क्विंटलची, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या वीस टक्के भरपाई देय. पण तुकडा आखताना कड सैल पडली आणि प्रयोगाचा आकडा दहा आला, तर भरपाई शून्य. तक्रार करण्यास जागा नाही, कारण कागद सर्व बरोबर. प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी न करता परिसराच्या सरासरीवर भरपाई देण्याची ही कल्पना देशात रुजवण्यात पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांचा पुढाकार होता. १९७६ मध्ये त्यांनी ती मांडली आणि १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेपासून ती अमलात आली. ती शक्य झाली याचे कारण तोपर्यंत पीक कापणी प्रयोगांचे जाळे देशभर उभे राहिले होते.

ते जाळे विणले जात असतानाच सुखात्मे यांनी विभागाचे स्वरूपही पालटले. १९४५ पासून तेथे प्रशिक्षण सुरू झाले. प्रांतांमधून माणसे यावीत, पद्धत शिकावी, परत जाऊन आपापल्या खात्यात राबवावी, अशी ही व्यवस्था. पटवाऱ्यांच्या क्षेत्र-नोंदींची शास्त्रशुद्ध पडताळणीही त्यांनी करवली, आणि एकूण क्षेत्राच्या बाबतीत त्या नोंदी बऱ्याच विश्वसनीय असल्याचे आढळले, तेव्हा तसे नोंदवले. जुन्या व्यवस्थेतील जे टिकण्याजोगे ते टिकवायचे, असा त्यांचा कल दिसतो. १९५९ मध्ये या विभागाला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला आणि आज ती भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था म्हणून नवी दिल्लीत उभी आहे. त्यांच्यानंतर विभागाची धुरा वाहिली ती अकोल्याच्या कापसावर काम केलेल्या पानसे यांनी. १९५४ मध्ये दोघांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचे जे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते कृषी महाविद्यालयांच्या पिढ्यांनी वापरले. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धांतावरील सुखात्मे यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा.

एव्हाना ते रोमला गेले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी सुमारे दोन दशके काम पाहिले. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, असे विधान त्या काळी सर्रास केले जाई. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी या विधानाची छाननी केली. पुरेसे अन्नच न मिळणारे दहा ते पंधरा टक्के, आणि अन्नाचा कस कमी पडणारे धरले तर निम्म्यापर्यंत, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपासमारीचा आकडा खाली आणणे हे त्या संघटनेत बसून सोपे नसावे; मदतीची आवाहने मोठ्या आकड्यावरच चालतात. १९६३ मध्ये याच सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. १९७१ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव केला.

निवृत्तीनंतर पुण्यास परतल्यावरही त्यांनी स्वस्थता मानली नाही. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दर माणशी रोजच्या उष्मांकांच्या गरजेवरून दारिद्र्याचे माप ठरवले होते. सुखात्मे यांनी त्यावर मूलभूत शंका घेतली. एकाच निरोगी माणसाचे अन्न दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी मानणे चूक, असे त्यांचे प्रतिपादन. स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांकडे लक्ष दिल्यावाचून केवळ प्रथिने वाटून काही साधणार नाही, हेही ते आग्रहाने मांडीत. या मांडणीवर कठोर टीका झाली. शरीर जुळवून घेते म्हणणे म्हणजे गरिबांच्या अर्धपोटीपणाला शास्त्राचा शिक्का देणे, असा आक्षेप आहारतज्ज्ञांनी आणि स्वतः दांडेकर यांनीही घेतला. प्रथिनांच्या बाबतीत काळाने बऱ्याच अंशी सुखात्मे यांना दुजोरा दिला. शरीराच्या जुळवून घेण्याची मर्यादा नेमकी कोठे संपते, या प्रश्नावर मात्र त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले नाही. सरासरी हाच त्यांच्या दोन्ही लढायांचा विषय होता; शेतात त्यांनी ती विश्वसनीय केली आणि माणसाच्या पोटाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका असे सांगितले.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार ठेवला आहे. तो प्रदान केला जातो सांख्यिकी दिनी, २९ जूनला. २००७ पासून साजरा होणारा हा दिवस प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जयंतीचा आहे.